लिटरभर पाणी, अंदाजे

माझ्या सासरी कुणाला काही मोजावं लागत नसे. सगळ्यांना सगळं नजरेनं कळायचं. खोली किती मीटर, पोतं किती किलो, विहीर किती खोल, ऊन किती डिग्री, पोरगी किती उंच. विचारायचा अवकाश, की आकडा तोंडावर. आकड्याच्या मागं ‘अंदाजे’ हा शब्द लावायचीही पद्धत नव्हती, कारण अंदाज लहान माणसं करतात. मोठ्या माणसांना माहीत असतं.

मी धुळ्याची. लग्न होऊन असोद्याला आले ती पिंप्राळ्यातल्या प्राथमिक शाळेची नोकरी बरोबर घेऊनच. यजमान दोंडाईच्याला नोकरीला, शनिवारी यायचे. बाकी आठवडाभर घरात सासरे, सासूबाई, धाकटा दीर, जाऊ आणि जावेची वर्षाच्या आतबाहेरची मुलगी. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं आणि सासूबाईंना अक्का. मीही तेच म्हणायचे.

आबांची केळीची बाग होती, थोडा कापूस, कडेला वांगी. झाडावरचा केळीचा घड बघून ते वजन सांगत, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा बरोबर सांगत. त्यात जादू नव्हती. आयुष्यभर रोज घड उचलणाऱ्या कुणालाही ते जमतं. पण घडाचं वजन कळतं म्हणून उन्हाचा पाराही कळतो, असं आबांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. एप्रिलच्या दुपारी सदरा काढून अंगणात उभे राहायचे, वर बघायचे आणि जाहीर करायचे, “आज सत्तेचाळीस.” दुसऱ्या दिवशी पेपरात त्रेचाळीस छापून आलं की म्हणायचे, “पेपरवाला सावलीत मोजतो.” पारा सावलीतच मोजतात हे मी एकदा सांगितलं. त्यावर ते म्हणाले, “मग आपन काय सावलीत काम करतो का?” मी भाकरी थापायला गेले.

अंतराचंही तसंच. असोद्याहून जळगाव किती लांब, हे कोण विचारतंय यावर ठरायचं. स्वतः बाजाराला निघाले की, “हे काय, तीन-चार किलोमीटर.” कुणी मोटरसायकलवर सोडायला सांगितलं की तेच अंतर दुप्पट. आणि अनोळखी माणसानं काहीही विचारलं, देऊळ, दवाखाना, तलाठ्याचं घर, तर गावातल्या यच्चयावत पुरुषाचं उत्तर एकच, अर्धा किलोमीटर. अर्धा किलोमीटर म्हणजे नक्की किती, हे कुणी कधी चालून बघितलं होतं का? तेवढं विचारायचं नाही.

नवी मापं येऊन कितीतरी वर्षं झाली होती. कायदा झाला, दुकानांत शिक्क्याची वजनं आली, आमच्या पिढीनं शाळेत शेराचं नावही शिकलं नाही. पण घरांत काय झालं, तर जुन्या भांड्यांना नवी नावं पडली. पातळ पदार्थाचा शेर होता त्याला लिटर म्हणायला लागले, कोरड्याचा होता त्याला किलो. वाराचा मीटर झाला. भांडं तेच, हात तोच, नाव तेवढं बदललं. दत्तक दिलेल्या पोराचं बदलतात तसं.

यात अक्कांची शीग वेगळीच. शीग म्हणजे मापाच्या वर रचलेला धान्याचा ढीग. गड्याला ज्वारी द्यायची, माहेरी आलेल्या लेकीला डाळ बांधून द्यायची, दारी आलेल्या भटक्याला मूठ घालायची, तर माप काठापर्यंत भरून चालत नाही, वर निमुळती शीग उभी राहिली पाहिजे. ज्वारीला ठीक आहे. देणाऱ्याचा हात मोठा दिसतो, घेणाऱ्याचं पोट भरतं, कुणाचं नुकसान नाही. पण अक्का कशालाही शीग लावायच्या. चहाच्या साखरेला लावायच्या. कपड्याच्या सोड्याला लावायच्या. निळीला लावायच्या, त्यामुळे आबांची धोतरं आकाशाच्या रंगाची झाली होती आणि त्यांना स्वतःला ती पांढरी दिसत होती. मी एकदा सपाट चमच्यानं मीठ घालताना त्यांनी बघितलं तर माझा हात धरला.

“सपाट माप सुतकातल्या घरचं असतं वं बाई. आपल्या घरी नको.”

“अक्का, भाजी खारट होईल.”

“होऊ दे. खारट झाली त पानी पी. पन हात आखडू नको.”

घरातलं सोडा, शाळेत तरी काय होतं? चौथीच्या गणिताच्या पुस्तकात धडा होता, आधी अंदाज करा आणि मग मोजून पाहा असा. पहिला अर्धा भाग सगळा महाराष्ट्र करत होता. दुसऱ्या अर्ध्यासाठी सरकारकडून शाळेला मापांची पेटी आली होती. लिटरचं माप, अर्ध्या लिटरचं, पाव लिटरचं, एक लहानशी तागडी, मीटरची पट्टी. ती हेडमास्तरांनी कपाटात घालून कुलूप लावलं होतं. मी मागायला गेले तर म्हणाले, “बाई, मुलं फोडतील.” मापं पत्र्याची होती. मी तसं सांगितलं. तेव्हा म्हणाले, “मग पोचे पाडतील. तपासणीला काय दाखवू?” म्हणून माझी मुलं एका सुरात म्हणायची, ‘एक लिटर म्हणजे हजार मिलिलिटर,’ आणि त्यांच्यातल्या एकानंही, मी धरून, लिटरचं माप हातात घेतलेलं नव्हतं. पाढ्यासारखं पाठ. पाठ असलेलं मापही तहान भागवत नाही.

तर एप्रिल. शाळा सकाळची होती. गल्लीत एका घरी लग्न होऊन गेलं होतं, वरण-बट्टीच्या पंगती दोन दिवस चालल्या होत्या, आणि उन्हात ठेवलेलं पाणी सगळ्यांनी प्यालेलं होतं. जावेच्या मुलीला हगवण लागली. पहिल्या दिवशी अक्कांनी सुंठ उगाळली, ओवा भाजला, दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसला निघाले तेव्हा मुलगी मलूल होती पण हसत होती. जाऊ म्हणाली, नर्सबाई आज गल्लीत येणार आहेत. मी म्हटलं, बरं, दाखव. आणि गेले.

नर्सबाई आल्या. त्यांनी पोरीचं पोट दाबलं, क्षारांच्या चार पुड्या दिल्या आणि सांगितलं ते असं: एक पुडी एक लिटर पाण्यात, पाणी उकळून गार केलेलं, घोट घोट पाजत राहा, कळलं ना? सगळे म्हणाले, कळलं. आमच्या गावात पांढऱ्या साडीतल्या बाईला ‘नाही कळलं’ असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. त्याही लगेच पुढच्या घरी गेल्या. लिटर कशात मोजणार, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या वहीत बहुधा असा रकानाच नसावा.

मी दुपारी परतले तेव्हा जाऊ उंबऱ्यात मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलगी रडत होती, पण डोळ्यांना पाणी नव्हतं. ओठ सुकून पापुद्रे निघाले होते. डोळे आत गेलेले. मी तोंड धुऊन पदराला पुसलं आणि तिच्याजवळ वाकले, तर तिनं माझा ओला पदर पकडला आणि तोंडात घालून चोखायला लागली.

“हिला तहान लागलीय,” मी म्हटलं. “पाणी दिलं की नाही?”

“औषधाचं देतेय ना, ताई. सकाळपासून तेच,” जाऊ म्हणाली. “पण घेईना झालीय. एक घोट घेते नि तोंड फिरवते. साधं पाणी मागते. अक्का म्हणतात साधं दिलं तर औषध पातळ होईल.”

चुलीजवळ पितळी तांब्या झाकून ठेवला होता. मी त्यातलं पाणी फुलपात्रात घेऊन चव बघितली. लोणच्याच्या बरणीत तळाला राहतं ना, तसं. माझी जीभ आखडली. या पाण्याची चव अश्रूंपेक्षा खारट नसावी, एवढं मला माहीत होतं. शिक्षकांना कधीमधी शिबिरात बसवतात, त्यात एकदा कानावर पडलं होतं.

“अक्का, पाणी किती घेतलंत?”

“लिटर.” अक्का गहू निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. “नर्सबाईनं सांगलं तसं.”

“लिटर कशात मोजलं?”

आता त्यांनी मान वर केली. एवढ्या साध्या गोष्टीचं उत्तर द्यावं लागतंय याचा त्यांना खेद झालेला दिसला. “ह्या तांब्यात. माह्या लग्नातला शेराचा तांब्या हाय. शेर म्हंजेच लिटर ना तुमचं?”

“काठोकाठ भरला होता?”

“काठोकाठ भरला त उचलता कसा? सांडतो.”

“आणि पुडी एकच घातली?”

इथं त्या थोड्या थांबल्या, पण अपराधीपणानं नव्हे. उलट आवाजात कौतुक होतं. “एक पुरी. अन् दुसरीतली वरून शीग लावली. लहान लेकराले सपाट औषध द्यायचं का? परक्याची हाय का ती?”

जावेनं माझ्याकडं बघितलं. तिला त्यातलं गणित कळलं नव्हतं, पण माझ्या तोंडावरून एवढं कळलं की काहीतरी उलटं झालंय. मी तिला सोप्या शब्दांत सांगितलं. पोरीच्या अंगातलं पाणी चाललंय. आपण तिला पाण्याऐवजी मीठ पाजतोय. मीठ उरलेलं पाणीही ओढून घेईल. ते ऐकून तिनं फुलपात्र उचललं आणि त्यातलं पाणी अंगणात भिरकावलं. अक्का ओरडल्या, “अवं, औषध हाय ते!” सकाळपासून त्या घरात कुणी केलेलं पहिलं शहाणपणाचं काम तेच होतं.

दीर मोटरसायकल घेऊन केळीचा ट्रक भरायला गेला होता, दिवेलागणीच्या आत यायचा नव्हता. जळगावची बस उन्हं कलल्यावर. डॉक्टरकडं न्यायचं तर तोवर घरातच पोरगी तगवायला हवी होती. दोन पुड्या शिल्लक होत्या. त्यातली एक जरी पुन्हा अंदाजानं कालवली असती तर डॉक्टरकडं काय घेऊन गेलो असतो कोण जाणे. मी आधी तिला साध्या पाण्याचे चार-दोन चमचे पाजले. ती चमच्याला चावली, इतकी तहानलेली. मग म्हटलं, आता मला एक लिटर पाणी पाहिजे. बरोबर एक लिटर.

मला काय माहीत होतं की मी पंचायत बोलावतेय!

अक्कांनी तांब्या पुढं केला. मी नको म्हटल्यावर त्या दुखावल्या आणि कोनाड्यातून दुधाचं माप काढून आणलं. ते तळाशी ठोकलेलं होतं, आणि ठोकलं का होतं हे पूर्वीच्या दूधवाल्याला विचारायला हवं होतं. तेवढ्यात शेजारच्या काकू भिंतीवरून वाकून बघत होत्या, त्यांनी आपली बादली लिटरची असल्याचं सांगितलं. बादली! मी विचारलं, एका लिटरची बादली कशी असेल? त्या म्हणाल्या, “दहाची आसंन मंग. मोठी हाय.” दहा आणि एक यांत त्यांना फार फरक वाटला नाही. अक्का आणि काकूंचं मग कुणाचं भांडं खरं यावर जुंपलं. कुणाचा तांब्या कुणाच्या लग्नातला, कुणाच्या बापानं पितळ जाड दिलं आणि कुणाच्या बापानं पातळ. पोरगी मध्ये पडून कण्हत होती आणि भांडण वीस-पंचवीस वर्षं मागं निघालं होतं.

“बायाहो, गप बसा,” आबा म्हणाले.

ते गोठ्याकडून आले होते आणि हातात एक डबा होता. पत्र्याचा, उभट, बुचाचा. त्यांनी तो माझ्यासमोर जमिनीवर ठेवला.

“हे घे लिटर. कंपनीनं छापेल हाय. वाच, तू मास्तरीन ना?”

मी वाचलं. एक लिटर हे अक्षरशः छापलेलं होतं, त्यात खोट नव्हती. त्याच्या शेजारी एका चौकोनात कवटी होती, निम्मी खरवडलेली. कापसावर फवारायच्या औषधाचा डबा होता तो. आमच्या भागात शेतकऱ्याच्या घरी छापील लिटर म्हणजे एवढाच.

“आबा, हे विष आहे.”

“होतं. तीन खेपा राखीनं घासेल हाय. आठ दिवस उन्हात पडेल होता. वास घे.”

मी वास घेतला. घेतला तो कशाला, असं झालं. नाकातून डोक्यात गेला आणि डोळ्यांतून बाहेर आला.

“वास येतोय.”

“थोडा येतो. पानी टाकल्यावर जातो. मी म्हशीच्या सरकीले ह्यानंच पानी मोजतो, म्हैस मेली का?”

यावर अक्कांनी डबा हातात घेतला, तोंडाशी धरून आत बघितलं, आणि मला क्षणभर आशा वाटली की निदान त्या तरी नको म्हणतील. त्या म्हणाल्या, “ह्याचं तोंड केवढंसं. ह्याले शीग कुठून लागायची?”

एवढं बोलून त्यांनी डबा नापास केला. विष हा मुद्दा नव्हताच. जाऊ मात्र एव्हाना पोरीला छातीशी धरून भिंतीला टेकली होती आणि त्या डब्याकडं सापाकडं बघावं तसं बघत होती. आबांनी डबा पुन्हा माझ्याकडं सरकवला. “तू माह्या मापाले नाव ठेवते? ते तुह्या शाळेतलं पुस्तक पोटात घालून पोरगी बरी व्हनार हाय का?”

मी डबा उचलला, मागच्या दारानं बाहेर नेला, जात्याच्या तुटक्या तळीवर ठेवला आणि वरून वरवंटा घातला. पहिल्या घावाला पोचा पडला, दुसऱ्याला चपटा झाला. आबा आतून ओरडले, “चांगला डबा होता!” चांगला होता याबद्दल माझं दुमत नव्हतं. माप अगदी बरोबर होतं त्याचं.

मग मी हात साबणानं दोनदा धुतले आणि माळ्यावरून तागडी काढली. वांगी बाजाराला न्यायची म्हणून घरात तागडी होती, आणि शिक्का मारलेलं किलोचं एक वजनही. ते का वापरत नसत? कारण आबांना वांगी नजरेनं कळत. वजनाला गंज चढला होता, तो खरडला. तागडी एका बाजूला झुकत होती, तिला जुना पासंग होता, चिंध्या बांधून बरोबर केलेला. मला त्याची पर्वा नव्हती. एका पारड्यात जावेचं स्टीलचं पातेलं ठेवलं, स्वच्छ घासलेलं. दुसऱ्यात खडे टाकत गेले, काटा मध्ये येईपर्यंत. मग खड्यांच्या शेजारी किलोचं वजन ठेवलं आणि पातेल्यात उकळून गार केलेलं पाणी ओतायला लागले.

“हे काय चाललंय?” आबांनी विचारलं.

“एक लिटर पाण्याचं वजन एक किलो असतं, आबा.”

“कोन म्हनतं?”

“पाणी म्हणतं.”

ते तिथंच बसले. बघण्यासाठी नव्हे, चूक सापडावी म्हणून. पाणी वाढलं तसं पारडं हळूहळू उतरायला लागलं. आता पुरे, आता पुरे, असं ते तीनदा म्हणाले. त्यांच्या नजरेला लिटर कधीच पूर्ण झालं होतं. अक्काही म्हणाल्या, “एवढ्या पान्यात एक पुडी? पोरीले निस्तं पानी पाजते का?” काटा मध्ये आला तेव्हा मी हात थांबवला. पातेलं खाली घेतलं, पाण्याच्या पातळीवर आतून खिळ्यानं रेघ ओढली, मग पुडी फोडली. एक पुडी. सपाट. पळीनं ढवळलं. चव बघितली. अश्रूंसारखी. जावेला चाखायला दिली, म्हणजे पुढच्या वेळी तिला माझी गरज पडायला नको.

जाऊ पाजायला बसली. चमच्यानं, घोट घोट. पोरगी आधी तोंड फिरवत होती, सकाळचं खारट तिच्या लक्षात होतं. मग एक चमचा गेला, दुसरा गेला, आणि ती चमच्याच्या मागं मान पुढं करायला लागली. एकदा उलटी झाली. जावेचा हात थांबला. मी म्हटलं, थांब जरा, मग परत दे. तिनं परत दिलं. अक्का दोनदा जवळ आल्या, दुसरी पुडी उघडी होती तिच्याकडं बघत. जावेनं ती पुडी उचलून स्वतःच्या चोळीत खोवली. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती तिच्या, आणि सासूच्या समोर तिनं असं काही केलेलं मी प्रथमच बघत होते.

मला एक खोड आहे, वाद अर्धा सोडवत नाही. पोरीचा डोळा लागला तेवढ्यात मी औषधाचं पाणी दुसऱ्या स्वच्छ भांड्यात काढलं, पातेलं विसळलं, तेच खडे आणि तेच वजन घेऊन त्यात पुन्हा लिटरभर साधं पाणी मोजलं आणि अक्कांच्या लग्नातल्या तांब्यात ओतलं. तांब्या भरून वाहायला लागला आणि पातेल्यात तिसरा हिस्सा शिल्लक राहिला. मी अक्कांना बोलावून दाखवलं. त्यांनी सांडलेलं पाणी बघितलं, तांब्या बघितला, आणि म्हणाल्या, “तुह्या पान्यातच काही खोट हाय.”

उन्हं कलली. बसमध्ये मुलीला आबांनी मांडीवर घेतलं, कारण पुरुषाच्या मांडीवर मूल दिसलं की कंडक्टर जागा देतो. वाटेत त्यांनी एकदम पाय झटकले. धोतर ओलं झालं होतं. ते वैतागले, पण जावेनं पदरानं तोंड झाकून घेतलं आणि तिचे खांदे हलायला लागले. हसतेय की रडतेय ते मी विचारलं नाही. दुपारभर आम्ही त्याचीच वाट बघत होतो. पोरीला लघवी झाली, म्हणजे अंगात पाणी मुरलं.

जळगावच्या डॉक्टरांकडं रांग होती. नंबर लागल्यावर त्यांनी जीभ बघितली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, आणि पाळण्याच्या काट्याकडं बोट दाखवून विचारलं, “वजन किती असायचं हिचं?”

“दहा किलो,” आबा म्हणाले. “पाव इकडंतिकडं.”

काट्यानं साडेसात दाखवलं. आबा पुढं वाकून बघत राहिले. मग म्हणाले, “डॉक्टरसाहेब, काटा हलका हाय तुमचा.”

“काटा हलका नाही आबा, पोरगी हलकी झालीय,” डॉक्टर म्हणाले.

मी सकाळचं सगळं सांगितलं. तांब्या, वरची शीग, खारट पाणी. डबा वगळला, कारण आबा शेजारी उभे होते आणि मला रात्री त्याच घरात राहायचं होतं. डॉक्टरांनी जावेकडं बघितलं. वेळेवर थांबलात, म्हणाले, आजचा दिवस असंच चाललं असतं तर झटके आले असते. सलाईनची गरज नव्हती. लघवी झाली होती, पोरगी घोट घेत होती. पाणी चालू ठेवा, दूध तोडू नका, उद्या पुन्हा आणून दाखवा. हे बोलत बोलतच त्यांनी कागदावर लिहिलं, आणि आम्ही उठत असताना, सवयीनं, मान वर न करता म्हणाले,

“एका पुडीला तांब्याभर पाणी घ्यायचं बरं का. मोठा तांब्या. अंदाजे लिटर होतं.”

आबांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात किती समाधान होतं ते मला मोजता आलं नाही.

“कोणता तांब्या?” मी विचारलं.

“अं? असतो ना घरी, तो,” डॉक्टर म्हणाले. “मोठा.”

जावेनं मुलीला माझ्याकडं दिलं. पिशवीत हात घातला, फडक्यात गुंडाळलेलं पातेलं काढलं, ते बरोबर घेतलंय हे मलाही माहीत नव्हतं, आणि डॉक्टरांच्या टेबलावर त्यांच्या कागदावरच ठेवलं. सासऱ्यांच्या देखत, परक्या पुरुषाशी, डोक्यावरचा पदर मागं सरकलेला तसाच ठेवून, तिनं आतल्या रेघेवर बोट टेकवलं.

“एवढं,” ती म्हणाली. “ह्या रेघेपर्यंत. जास्त नाही, कमी नाही. ते कागदावर लिहा.”

डॉक्टरांनी पातेल्यात डोकावून बघितलं. म्हणाले, हां, चालेल की. आणि पातेलं बाजूला सारून पुढच्या पेशंटला हाक मारली. कागदावर ‘तांब्या’ तसाच राहिला होता. जावेनं पातेलं पुन्हा फडक्यात बांधलं, कागद मात्र आबांच्या हातात दिला.